एक घास गोडाचा

प्रवासाहून परत आलेल्या माणसाला लोक विचारतात, "काय काय पाहिलंत?" माझी नातवंडे मात्र विचारतात, "आजोबा, काय काय खाल्लंत?" मला त्यांचा प्रश्न अधिक आवडतो. मी फार देश पाहिलेले नाहीत. शाळेतून निवृत्त झाल्यावर तीन-चार सहली केल्या, एवढेच. पण जिथे गेलो, तिथला गोड पदार्थ चाखल्याशिवाय परत आलो नाही.

खाण्यात शिकण्यासारखे काय असते, असे पुष्कळांना वाटते. पदार्थ तोंडात घातला, आवडला तर आणखी घ्यावा, नाही आवडला तर सोडून द्यावा. मलाही असेच वाटत असे. इस्तंबूल शहरातील एका गल्लीत माझी ही समजूत खोटी ठरली.

ती गोष्ट २०१२ सालची. सकाळची वेळ होती. उस्कुदार नावाच्या जुन्या भागात मी एकटाच पायी हिंडत होतो. एका घराच्या दाराशी माणसे उभी होती. आतून तूप आणि भाजलेल्या रव्याचा खमंग वास येत होता. तो वास मला इतका ओळखीचा वाटला, की माझे पाय तिथेच थांबले. दारातला एक तरुण पुढे आला. त्याने माझ्या हातात एक लहानशी वाटी आणि चमचा दिला आणि म्हणाला, "हेलवा."

मी घास घेतला. तो चक्क आपला रव्याचा शिरा होता! फरक एवढाच, की त्यात बेदाण्यांऐवजी चिलगोज्यांसारख्या लहान बिया होत्या. मला फार आनंद झाला. या घरी नक्कीच काहीतरी शुभकार्य असणार, असे वाटून मी हसत हसत मोठ्याने म्हणालो, "मुबारक! मुबारक!"

हा शब्द तुर्की भाषेतही आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हते. त्या तरुणाला तो कळला. त्याचा चेहरा उतरला. तो मोडक्या इंग्रजीत हळूच म्हणाला, "आमचे आजोबा गेले. त्यांच्यासाठी हा हेलवा आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. काय बोलावे, हे सुचेना. तेवढ्यात आतून एक वृद्ध बाई बाहेर आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले, काहीही न बोलता वाटीत आणखी एक चमचा हेलवा वाढला आणि आपला हात छातीवर ठेवला. त्या एका खुणेने त्यांनी मला क्षमा केली.

नंतर मला त्या रिवाजाची माहिती मिळाली. तुर्कस्तानात हेलवा आनंदाच्या प्रसंगीही करतात. पण घरात कोणी वारले, की रव्याचा किंवा पिठाचा हेलवा करून शेजारीपाजारी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटण्याची तिथे फार जुनी रीत आहे. रवा मंद आचेवर बराच वेळ परतावा लागतो. घरातील माणसे आळीपाळीने तो परततात आणि परतताना गेलेल्या माणसासाठी प्रार्थना करतात. चाळिसाव्या दिवशीही पुष्कळ घरांत असा हेलवा होतो.

हे ऐकल्यावर मला माझे लहानपण आठवले आणि अधिकच वाईट वाटले. आमच्या शेजारी एक खाला राहत असत. दरवर्षी शबे-बरातीच्या संध्याकाळी त्या आमच्याकडे हलव्याची वाटी पाठवत. एकदा मी त्यांना विचारले होते, "खाला, आज कुणाचा वाढदिवस आहे का?" त्या म्हणाल्या होत्या, "नाही रे बेटा. जे आपल्यातून गेले, त्यांची ही आठवण आहे." म्हणजे आठवणीसाठीही गोड करतात, हे मला वयाच्या आठव्या वर्षीच कळले होते. परदेशात गेल्यावर तेच मी विसरलो.

तेव्हापासून मी एक नियम केला आहे. परक्या ठिकाणी गोड हातात आले, की खाण्याआधी दोन शब्द विचारावेत : "आज काय आहे?" गोडाची चव जिभेला कळते. पण ते गोड कशासाठी केले आहे, हे मात्र विचारल्याशिवाय कळत नाही.

विचारण्याची आणखी एक बाजू आहे. "यात काय घातले आहे?" असे विचारायला आपल्याकडील पुष्कळ लोक संकोच करतात. यजमानाला वाईट वाटेल, अशी त्यांना भीती वाटते. मला हा संकोच योग्य वाटत नाही. युरोपातील जेलीच्या पुष्कळ गोळ्यांमध्ये डुकरापासून काढलेले जिलेटिन असते. काही केकांमध्ये आणि चॉकलेटांमध्ये मद्य असते. कोणी अंडे खात नाही, कोणाला शेंगदाण्याने त्रास होतो, कोणाला मधुमेह असतो. अशा वेळी नम्रपणे विचारावे आणि चालत नसेल तर हात जोडून, हसून नाही म्हणावे. चांगला यजमान अशा नकाराने दुखावत नाही. तो दुखावतो तोंड वाकडे केल्याने. "शी! हे लोक असे कसे खातात!" हे शब्द भाषा न कळणाऱ्यालाही आपल्या चेहऱ्यावरून कळतात.

दुसरी चूक मी स्वतः केली नाही, पण माझ्यादेखत झाली. २०१८ साली आम्ही काही मंडळी जपानला गेलो होतो. तिथे एका चहाघरात आम्हांला हिरव्या चहाबरोबर एक लहानसा गोड पदार्थ दिला. पदार्थ इतका नाजूक होता, की एखादे फूलच बशीत ठेवले आहे असे वाटावे. त्याच्या पोटात लाल रंगाच्या कडधान्याचे गोड सारण होते. कडधान्य शिजवायचे, वाटायचे आणि साखर घालून आटवायचे. म्हणजे आपल्या पुरणाची सख्खी बहीणच! पण आमच्यातील एक गृहस्थ पहिल्या घासालाच म्हणाले, "ह्यॅ! यात गोडवाच नाही. आमची पुरणपोळी खाऊन बघा म्हणावं!"

त्यांना पुरणपोळीचा अभिमान होता, यात काही वाईट नाही. मलाही आहे. पण त्या जपानी पदार्थात साखर कमी का, हे त्यांनी पाहिलेच नाही. तिथली रीत अशी, की आधी गोड खायचे आणि मग कडू चहा प्यायचा. जिभेवर गोडाची हलकी चव राहते आणि तिच्यावर चहाचा कडूपणा येतो. दोन्ही मिळून एक चव होते. आमच्या गृहस्थांनी अर्धीच चव घेतली आणि निकाल देऊन टाकला.

त्याच सहलीत एका दुकानात मला दुसरा नवल वाटणारा पदार्थ दिसला. काचेच्या बरणीत लहान लहान, रंगीत, काटेरी दाणे भरलेले होते. मी पाहतच राहिलो. हा तर आपला संक्रांतीचा हलवा! महाराष्ट्रात संक्रांतीला तिळावर साखरेचा पाक चढवून काटेरी हलवा करतात. नव्या सुनेला आणि लहान मुलांना त्याचे दागिने घालतात. दुकानदाराने त्याचे नाव सांगितले, "कोनपेइतो".

हे नाव मूळ जपानी नाही. ते 'कोनफेइतो' या पोर्तुगीज शब्दावरून आले आहे. पोर्तुगीज लोक १५४३ साली प्रथम जपानला पोहोचले. त्यांच्यामागून धर्मप्रसारक आले. त्यांपैकी लुईश फ्रोइश याने १५६९ साली ओदा नोबुनागा या जपानी सरदाराला काचेच्या कुपीतून ही मिठाई भेट दिली होती. जपानमध्ये तेव्हा साखर फार दुर्मिळ होती. पुढे जपानी कारागिरांनी ही कला आत्मसात केली. तिरप्या, फिरत्या कढईत दाणे घालून त्यांच्यावर थोडा थोडा पाक सोडतात. काटे नीट यायला दोन आठवडेही लागतात. आपल्याकडेही हलवा करणारी बाई परातीत तीळ घेऊन, मंद शेगडीवर थेंब थेंब पाक सोडत तासन्‌तास बोटे फिरवत असते. घाई केली, तर काटा येत नाही.

आज जपानमध्ये राजघराण्यातील समारंभात हे दाणे सुंदर डब्यांतून भेट देतात. तसेच भूकंपासारख्या संकटासाठी जी कोरडी बिस्किटे डबाबंद करून ठेवतात, त्यांतही हे दाणे घालतात. बिस्किटे कोरडी असतात. साखरेच्या दाण्यांमुळे तोंडाला पाणी सुटते आणि ती खाणे सोपे जाते. समारंभात आणि संकटात, दोन्ही ठिकाणी तेच दाणे!

मी त्या दुकानदाराला माझ्याजवळचे एक छायाचित्र दाखवले. त्यात माझी नात हलव्याचे दागिने घालून बसलेली होती. तो खळखळून हसला. त्याने दुकानातील सगळ्यांना बोलावून ते छायाचित्र दाखवले. "आमचे तुमच्यापेक्षा चांगले" असे म्हटले असते, तर आमचे बोलणे तिथेच संपले असते. "आमच्याकडेही असेच असते" असे म्हटले, म्हणून ते सुरू झाले.

आता तिसऱ्या गोष्टीकडे वळतो. ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. लोक केवळ तुलना करून थांबत नाहीत. "हा पदार्थ मूळचा आमचाच" असा दावा करून भांडतात.

जिलेबीचे उदाहरण घ्या. आपल्याला ती अगदी घरची वाटते. स्वातंत्र्यदिनाला आणि प्रजासत्ताकदिनाला महाराष्ट्रातील गावोगाव जिलेबीची दुकाने लागतात. पण इराणमध्ये रमजानच्या महिन्यात इफ्तारला जी 'झूलबिया' खातात, ती हीच. ट्युनिशिया आणि अल्जेरिया या देशांतही रमजानमध्ये हिला मान असतो. नेपाळमध्ये हिला 'जेरी' म्हणतात. दहाव्या शतकात बगदादमध्ये लिहिलेल्या एका अरबी पाकग्रंथात 'झलाबिया' करण्याच्या कृती आहेत. भारतात पंधराव्या शतकातील एका जैन ग्रंथात जिलेबीचा उल्लेख सापडतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील विद्वान परशुराम कृष्ण गोडे यांनी जिलेबीच्या इतिहासावर संशोधनपर लेख लिहिला आहे. नाव पश्चिमेकडून आले, हे खरे. पण जिच्या पाकात ती बुडते, त्या साखरेचे काय?

साखरेची गोष्ट उलट दिशेने जाते. उसाच्या रसापासून दाणेदार साखर करण्याची कला भारतात फार प्राचीन काळी विकसित झाली. संस्कृत 'शर्करा' हा शब्द फारसीत 'शकर' झाला, अरबीत 'सुक्कर' झाला आणि युरोपात जाऊन इंग्रजीत 'शुगर' झाला. संस्कृत 'खंड' या शब्दाचा फारसी-अरबीत 'कंद' झाला आणि इंग्रजीत 'कँडी'. तोच 'कंद' फारसी 'गुल' म्हणजे गुलाबाच्या फुलाचा हात धरून आपल्याकडे परत आला. त्यालाच आपण 'गुलकंद' म्हणतो. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत हा शब्द जसाच्या तसा आहे. उर्दूत साखरेला 'चीनी' म्हणतात, म्हणजे चीनची. खडीसाखरेला 'मिस्री' म्हणतात, म्हणजे मिस्र किंवा इजिप्त देशाची. बाहेर गेलेली साखर नवी नावे घेऊन घरी परतली!

अशा पदार्थांचा एकच मालक कसा ठरवणार? तरीही भांडणे होतात. २००६ साली युरोपातील एका कार्यक्रमात बकलावा हा सायप्रसचा गोड पदार्थ म्हणून दाखवला गेला. तेव्हा तुर्कस्तानातील मिठाईवाल्यांनी निदर्शने केली. आपल्या देशात पश्चिम बंगाल आणि ओडिशा या राज्यांत रसगुल्ल्यावरून बराच वाद झाला. शेवटी २०१७ साली बंगालच्या रसगुल्ल्याला आणि २०१९ साली ओडिशाच्या रसगुल्ल्याला वेगवेगळे भौगोलिक मानांकन मिळाले.

इथे कोणी म्हणेल, "मग कारागिरांनी आपला हक्क सांगू नये काय?" हा प्रश्न रास्त आहे. तुर्कस्तानातील गाझियानतेप या शहराच्या बकलाव्याला २०१३ साली युरोपीय संघाने संरक्षण दिले. तिथले कारागीर पीठ इतके पातळ लाटतात, की पलीकडचे दिसावे. तिथल्या पिस्त्याची चव वेगळी असते. दुसऱ्या कोणी साधा माल बनवून त्या शहराचे नाव लावले, तर ती फसवणूक होईल. आपल्या कोल्हापुरी गुळालाही असेच मानांकन मिळालेले आहे, आणि ते योग्यच आहे. गावाचे नाव आणि कारागिराचे कौशल्य जपलेच पाहिजे. पण नाव जपणे वेगळे आणि "तुम्ही हा पदार्थ खाता तो आमच्याकडून चोरलेला आहे" असे शेजाऱ्याला म्हणणे वेगळे. पहिल्यामुळे कारागिराच्या पोटाला मिळते, तर दुसऱ्यामुळे फक्त मने कडू होतात.

गोडामागे कडू गोष्टीही असतात. त्या जाणून घेणे, हासुद्धा मला प्रवासाचाच भाग वाटतो. २०१५ साली मी मॉरिशसला गेलो. तिथे मराठी वंशाचे लोक राहतात. गणेशचतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. एका मराठी कुटुंबाने मला घरी बोलावले. त्यांच्या आजीने माझ्यापुढे एक तळलेला, अर्धचंद्राच्या आकाराचा पदार्थ ठेवला आणि म्हणाल्या, "घ्या, गातो पाताट." मला वाटले, करंजीच आहे. आत खोबऱ्याचे गोड सारणही होते. पण बाहेरची पारी मैद्याची नव्हती, रताळ्याची होती. रूप आपल्यासारखे, नाव फ्रेंच वळणाचे आणि रताळे तिथल्या मातीतले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा नातू मला पोर्ट लुई शहरातील 'आप्रवासी घाट' पाहायला घेऊन गेला. २००६ साली हे ठिकाण जागतिक वारसास्थळ म्हणून जाहीर झाले. समुद्रातून वर येणाऱ्या दगडी पायऱ्या तिथे आहेत. १८३४ सालापासून पुढे जवळजवळ पाच लाख भारतीय मजूर करार करून या बेटावर आणले गेले. गुलामगिरी बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांना स्वस्त मजूर हवे होते. त्या पायऱ्यांवर उभे राहिल्यावर मला आदल्या दिवशीचा गोड घास आठवला. ज्या उसाने जगाचे तोंड गोड केले, तो उस तोडणाऱ्यांच्या वाट्याला काय आले? आणि मला आपला मराठवाडाही आठवला. आजही दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून हजारो कुटुंबे मुलाबाळांसह ऊसतोडीला निघतात. त्या मुलांची शाळा अर्ध्यावर सुटते. तुमच्यापैकी कोणाच्या वर्गात अशी एखादी रिकामी जागा असेलही.

हे सांगितले, म्हणून गोड खाऊ नये असे मी म्हणत नाही. खावे, आनंदाने खावे. थोडे खावे, म्हणजे प्रकृतीही चांगली राहते आणि चवही ध्यानात राहते. फक्त बशीत जे आले, ते कोणाच्या हातून आले, एवढे लक्षात ठेवावे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही म्हणाल, "आम्ही कुठे इस्तंबूलला आणि जपानला जाणार?" पुढे जालही. पण त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. ईदच्या दिवशी तुमच्या घरी शीरखुर्मा होतो. 'शीर' म्हणजे दूध आणि 'खुर्मा' म्हणजे खजूर. दोन्ही शब्द फारसी आहेत. त्याच शीरखुर्म्याची वाटी शेजारच्या मराठी घरी जाते आणि होळीला तिथून पुरणपोळी येते. म्हणजे निम्मा प्रवास तुमच्या गल्लीतच होतो. तिथेही हेच तीन नियम पाळा. आज काय आहे ते विचारा. आमचे चांगले, तुमचे वाईट, असे म्हणू नका. आणि पदार्थ कोणाचा यावर भांडण्यापेक्षा तो कसा करतात, हे विचारून घ्या.

आमच्या खालांची वाटी घरी आली, की माझी आई ती घासूनपुसून ठेवत असे. पण रिकामी कधी परत पाठवत नसे. घरात दुसरे काही नसले, तर निदान गुळाचा एक खडा त्यात ठेवून ती मला म्हणे, "जा, खालांना देऊन ये. रिकामं भांडं परत पाठवू नये." आज मी कोणत्याही देशात कोणाच्या हातून गोडाचा घास घेतला, की मला आईचे ते शब्द आठवतात आणि आपल्या पिशवीत देण्यासारखे काही आहे का, ते मी पाहतो. आता प्रवासाला निघताना सामानात चिक्कीची एक पुडी मी आठवणीने ठेवतो.